गजबज की निवांतपणा? बडोद्याच्या पाहुण्यांसाठी किनारा निवडताना

नवरात्रातील गरबे संपतात न संपतात तोच बडोद्यातील घराघरांत दिवाळीच्या सहलीची बोलणी सुरू होतात. गायकवाडी काळापासून तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही यास अपवाद नाहीत. दांडिया बाजारातील मावशीचा वा आत्याचा दूरध्वनी म्हापशाला किंवा फोंड्याला येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : किनारा कोणता घ्यावा, गजबजलेला की शांत? या प्रश्नाचे उत्तर गोमंतकीय नातेवाईक सहसा एका वाक्यात देऊन मोकळे होतात. वस्तुतः ते थोडे विचारपूर्वक द्यावयास हवे.

बडोदेकरांना समुद्र अपरिचित नाही. मात्र त्यांना जवळ असलेला समुद्र निराळा आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक अतिशय मोठा असतो. ओहोटीस पाणी दूरवर ओसरते आणि चिखल उघडा पडतो. जंबुसरजवळील कावी-कंबोईचे स्तंभेश्वर मंदिर तर भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. वलसाडजवळचे तिथल किंवा ३० मे १९८७ पर्यंत गोव्यासमवेत एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेले दमण ही त्यातल्या त्यात सोयीची ठिकाणे. गुजरातेत दारूबंदी असल्याने दमणमध्ये शनिवार-रविवारी झुंबड उडते. साहजिकच स्वच्छ पुळण, लाटा आणि मोकळेपणा हवा असणारे कुटुंब गोव्याकडे वळते.

गोव्यातील गजबज प्रामुख्याने बार्देशात एकवटली आहे. कळंगुट, बागा, हणजूण आणि वागातोर येथे जलक्रीडा, बाजार, संगीत व रात्री उशिरापर्यंत चालणारी उपाहारगृहे हाताशी असतात. तरुण मंडळींना ते भावते. याउलट सासष्टीत बाणावली, वार्का, केळशी ते मोबोर अशी सलग पसरलेली पुळण बरीच निवांत आहे. पेडण्यात मोरजी व मांद्रे, तर काणकोणात आगोंद व गालजीबाग हे किनारे शांततेसाठी ओळखले जातात. बडोद्याहून कोकण रेल्वेमार्गे येणाऱ्यांना मडगावला उतरून सासष्टीचे किनारे थोड्या वेळात गाठता येतात. बार्देशात मुक्काम असल्यास थिवी स्थानक जवळचे.

तथापि किनाऱ्याआधी तारीख पाहावी. गुजरातेत दिवाळीनंतर अनेक व्यापारी पेढ्या बंद राहतात आणि लाभपंचमीच्या मुहूर्तावर पुन्हा उघडतात. सुट्टी एकाच वेळी मिळत असल्याने पर्यटकही एकाच वेळी निघतात. त्या दिवसांत शांत म्हणवणाऱ्या गावातील अरुंद रस्तेही वाहनांनी भरतात. ज्यास निवांतपणाच हवा आहे, त्याने सहल आठ-दहा दिवस पुढे ढकलणे हा कोणत्याही किनाऱ्यापेक्षा अधिक खात्रीचा उपाय आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. तरणतलावात पोहावयास शिकलेल्या माणसाला लाटांखालील ओढीचा अंदाज नसतो. गर्दीच्या किनाऱ्यावर जीवरक्षक जवळ असतात, आरडाओरडा ऐकू जातो. निर्जन पुळणीवर ही मदत दूर राहते. पाळोळे-आगोंद परिसरातून मडगाव सुमारे ४० किलोमीटर आहे, याचा विचार हृदयविकार वा मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना सोबत नेताना करावा. लाल-पिवळ्या बावट्यांमधील भागातच पाण्यात उतरावे. नुसता लाल बावटा असेल तर उतरूच नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे आणि हात उंचावून मदत मागावी. सूर्यास्तानंतर तर पाणी टाळावेच.

तिसरा विचार यजमान गावाचा. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे. वर्षातील मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. प्रखर दिवे व गोंगाट यांमुळे मादी पाण्यातूनच माघारी फिरते आणि पिल्ले दिशा चुकतात. शांत किनारा निवडून तेथे गाण्यांचा कल्लोळ करणाऱ्या पर्यटकामुळे गावकऱ्यांची झोप मोडते, आणि ज्या शांततेसाठी तो आला ती त्यालाही लाभत नाही.

आजी-आजोबा, नातवंडे आणि महाविद्यालयीन मुले एकत्र निघाली असतील, तर घरातच दोन तट पडणार हे उघड आहे. अशा कुटुंबाने मुक्काम बाणावली-वार्का परिसरात ठेवावा आणि एक दिवस राखून तरुणांनी कळंगुट-बागा पाहून यावे, हे बरे. दिवसभराची गजबज पाहून रात्री शांत खोलीत परतता येते. गजबजाटात मुक्काम करून रात्रीची झोप मात्र शोधावी लागते. त्यामुळे बडोद्याचा दूरध्वनी आला की किनाऱ्याचे नाव सांगण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : कधी येणार आणि सोबत कोण कोण असणार? पुढचे उत्तर आपोआप सापडते.