पावसाळ्याच्या तोंडावर घर, बंडी आणि मोटार

मृग लागण्यापूर्वी बियाणे, खत व कुटार यांची तजवीज आमचा कास्तकार ज्या दक्षतेने करितो, ती दक्षता तो आपल्या राहत्या घराविषयी व वाहनाविषयी बाळगितो, असे मात्र क्वचितच दिसते. केळापूर तालुक्यात मे अखेर वावटळी सुटू लागतात. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस येऊन ठेपतो. आणि त्यानंतर घराच्या डागडुजीस ना मजूर मिळतो ना सवड. म्हणून जे करावयाचे ते या मधल्या दिवसांतच उरकणे इष्ट होय.

प्रथम भिंतींचा विचार करू. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे प्रत्येकाच्या पाहण्यातील आहे. हीच माती पाणी पिऊन फुगते. कपाशीस जो गुण उपकारक, तोच घराच्या पायास घातक ठरतो. माती सर्व बाजूंनी सारखी फुगली तर फारसे बिघडत नाही. परंतु पागोळ्यांचे पाणी एका बाजूस पडते, न्हाणीचे सांडपाणी मागल्या भिंतीशी मुरते, आणि तिसरी बाजू कोरडी राहते. अशा वेळी घराचा एक कोपरा उचलला जातो व खिडकीच्या कोनापासून तिरपी भेग निघते. पुष्कळ लोक ती भेग सिमेंटाने बुजवून स्वस्थ बसतात. पुढल्या वर्षी ती पुन्हा उघडते, कारण दोष भिंतीत नसून भिंतीखालच्या ओलीत आहे. उपाय भिंतीबाहेर करावयास हवा. घराभोवती तीन फूट रुंदीचा मुरमाचा थर चोपून, त्यास बाहेरच्या अंगास उतार द्यावा. वर फरसबंदी करता आली तर उत्तमच. न्हाणीचे पाणी नाली काढून दूर न्यावे. नवे घर बांधणाराने पाया भेगांच्या खोलीखाली न्यावा व पायाभोवती काळी माती न भरता मुरूम भरावा. या कामी होणारा खर्च एका भिंतीच्या दुरुस्तीहून कमीच भरतो.

छपराची गोष्ट निराळी. जुनी कवेलूची घरे असतील तेथे कवेलू फेरून घेण्याचे काम ज्येष्ठातच व्हावे. फुटके कवेलू वेळीच बदलले नाही तर त्याखालचा वासा कुजतो व पुढे आढे झुकते. टिनाच्या छपरांवर दगड ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. ती चाल सोडावी, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरास सुमारे ४८ किलो दाब देतो. दहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा एका पत्र्यास तो सव्वाशे किलोंहून अधिक जोराने उचलू पाहतो, आणि वळचणीच्या कडेस तर त्याहूनही अधिक. वीस किलोंचा दगड तेथे काय करणार? तो घरंगळून अंगणात निजलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र पडेल. पत्रा वाशास आकड्यांनी जखडावा, वासा खांबास व खांब जमिनीस तारेने बांधावा. ही साखळी कोठेही तुटली तर बाकीचे बंधन व्यर्थ जाते.

विजेच्या तारांविषयी थोडक्यात. ओल्या भिंतीतून व पत्र्यातून करंट उतरतो. कपडे वाळविण्याची तार पत्र्यास बांधू नये. पंपाच्या पेटीची अर्थिंग पावसापूर्वी जाणत्याकडून तपासून घ्यावी. तार तुटून पडली असेल तर लाकडानेसुद्धा तीस शिवू नये व प्रथम महावितरणास कळवावे.

आकाशातील वीज अधिक क्रूर. पेरणी व निंदणीच्या दिवसांत बायामाणसे उघड्या वावरात असतात आणि पाऊस आला की धुऱ्यावरील मोहाखाली किंवा कडुनिंबाखाली धावतात. हेच ठिकाण सर्वांत धोक्याचे होय. झाडावर पडलेली वीज जमिनीतून चहूकडे पसरते. झाडाखाली बांधलेली जनावरे माणसांआधी मरतात याचे कारण, त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असते व तेवढ्या अंतरातून प्रवाह देहात शिरतो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर असा हिशेब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम तसेच टाकून पक्क्या घरात यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. घर जवळ नसल्यास झाडापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये, सर्वांनी एकत्र घोळका करू नये. पत्र्याच्या टपाची बंद मोटार सुरक्षित असते, उघडा ट्रॅक्टर मुळीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. घरातील एखाद्या शिकलेल्या मुलाने ते मोबाइलवर घ्यावे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास हात लावण्यास भिऊन लोक दूर उभे राहतात व तेवढ्या वेळात जीव जातो. श्वास व नाडी थांबली असेल तर ताबडतोब छाती दाबण्यास आरंभ करावा.

आता वाहनांकडे वळू. दिनांक २८ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात, दहागावच्या नाल्यावरील पुलावरून पाणी वाहत असता, नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. बस वाहून गेली व माणसे प्राणास मुकली. एवढी अवजड गाडी, तीही ओळखीच्या रस्त्यावर! यात नवल मानण्याचे कारण नाही. चार मीटर लांब व दीड मीटरहून थोडी अधिक रुंद अशी लहान मोटार घ्या. पाणी तिच्या तळास टेकल्यावर पुढल्या प्रत्येक १० सेंटीमीटरांस तिला सुमारे सहाशे किलो उचल मिळते. मोटारीचे वजन हजार किलोंच्या आसपास. म्हणजे रस्त्यावर फूट-सव्वाफूट पाणी झाले की चाके जमिनीचा आधार सोडू लागतात व वाहते पाणी तिला आडवी ढकलते. मोठी गाडी थोड्या अधिक पाण्यात तरते, इतकाच काय तो भेद. शिवाय गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की खचला, हे कोणास दिसते? मजूर बायांनी भरलेली ट्रॉली घेऊन संध्याकाळी नाल्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हे विशेष ध्यानी घ्यावे. ‘काल याच पाण्यातून गेलो’ हा युक्तिवाद फोल आहे. बंडीचे बैल पाण्यापाशी थबकले तर त्यांजवर तुतारी उगारू नये. दोन तास थांबावे, आमच्या इकडील नाले जसे चढतात तसे उतरतातही.

राष्ट्रीय महामार्ग ४४, ज्यास पूर्वी ७ क्रमांक होता, पांढरकवड्यावरून पैनगंगा ओलांडून आदिलाबादेकडे जातो. त्यावर पहिल्या पावसाचे दिवस वाईट. धूळ व तेल पाण्यात कालवून रस्ता निसरडा होतो. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर त्याहूनही वाढते. परंतु यात आपलाही वाटा आहे. पांदणीतून चिखलाच्या चाकांनी ट्रॅक्टर सडकेवर येतो व काळ्या मातीचे लोंदे टाकीत जातो. मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर घसरतो. सडकेवर येण्यापूर्वी चाके खरवडणे पाच मिनिटांचे काम आहे. ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक लावणे तर त्याहूनही सोपे.

नुकसान झालेच तर पडलेली भिंत वा मेलेले जनावर हलविण्याआधी छायाचित्र काढावे आणि तलाठ्याकडे, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच दिवशी खबर देऊन पंचनाम्याची मागणी करावी. वीज पडून मृत्यू आल्यास वारसांस सरकारी नियमांप्रमाणे चार लाख रुपये साहाय्य मिळू शकते. परंतु त्याकरिता शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या भरात तसेच अंत्यसंस्कार उरकणाऱ्या कुटुंबास पुढे हेलपाटे घालावे लागतात. गावातील जाणत्याने अशा प्रसंगी पुढे होऊन हे काम पाहावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुण्यास पोरे नाल्यावर नेतात. श्रावणाची अखेर म्हणजे नाले भरण्याचे दिवस. पाणी गढूळ असेल, किंवा वरच्या अंगास ढग काळे दिसत असतील, तर त्या वर्षी बैल विहिरीवरच धुवावे.