आठवीच्या मराठीचे प्रथम सत्रातील प्रगतिपत्रक : श्रेणीमागील अर्थ

शिक्षण हक्क कायदा 2009 ला अनुसरून महाराष्ट्रात 2010 मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन योजना लागू झाली. तीनुसार आठवीत आकारिक मूल्यमापनास 40, तर संकलित मूल्यमापनास 60 टक्के भारांश देण्यात आला. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची साधने होत. श्रेणी मात्र दोहोंच्या बेरजेवर ठरते.

समजा, एका विद्यार्थ्यास आकारिकात 34 व संकलितात 28, दुसऱ्यास अनुक्रमे 20 व 42 गुण मिळाले. दोघांची बेरीज 62 आणि श्रेणी ब-2. तथापि पहिला वर्गकार्यात पुढे व सत्रान्त परीक्षेत मागे आहे. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघांच्या गरजा भिन्न आहेत.

नाशिक जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. सुरगाणा, पेठ भागात कोकणा, तर बागलाण, मालेगाव परिसरात अहिराणी ही अनेकांची घरची भाषा आहे. प्रमाण मराठीचा अल्प परिचय म्हणजे भाषिक क्षमतेचा अभाव नव्हे. एकत्रित श्रेणीत मात्र हा फरक दिसत नाही.

म्हणून प्रथम सत्रातील श्रेणी हा निर्णय न मानता निदान मानावे आणि ती वर्णनात्मक नोंदीसह वाचावी. ‘लेखन सुधारावे’ यापेक्षा ‘बोलीतील क्रियापदरूपे लेखनात येतात’ ही नोंद द्वितीय सत्रातील अध्यापनास निश्चित दिशा देते.