सावळ्या कातडीवरील सोरायसिस

माधवनगरातील एखाद्या गृहस्थाच्या कोपरावर रुपेरी खपल्यांचा जाड चट्टा उमटला, की घरातील वडीलधारी मंडळी त्यास गजकर्ण ठरवतात, औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे मलम परस्पर आणले जाते, आणि चट्टा हटेना म्हणजे महारोगाची जुनी, दारुण शंका मनात डोकावू लागते. ही शंका केवळ अज्ञानाची नव्हे. युरोपातील वैद्यही शतकानुशतके सोरायसिस व महारोग या दोन व्याधींची गल्लत करीत, आणि १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी सोरायसिस हा स्वतंत्र विकार असल्याचे निर्विवाद केले.

तथापि, पुढे पाठ्यपुस्तकांनी या विकाराचे जे वर्णन रूढ केले, ते गोऱ्या कातडीवरचे होते, याचा मला खेद वाटतो. त्यांतला ‘लालभडक चट्टा’ आपल्याकडील सावळ्या अंगावर जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, कारण वरच्या थरातील मेलॅनिन खालची लाली झाकून टाकते.

येथे डर्मोस्कोप उपयोगी पडतो. सुमारे दहापट मोठे दाखवणारे, ध्रुवित प्रकाशाचे हे हातात मावणारे भिंग कातडीच्या पृष्ठभागाखालीही नजर पोहोचवते. निरोगी कातडीच्या पेशींना पृष्ठभागी येऊन गळून पडण्यास महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये तेच काम काही दिवसांत उरकते, खालचे अंकुर लांबतात, आणि त्यांतील फुगलेल्या, वेटोळ्या केशवाहिन्या टोकांकडून पाहिल्यास सर्वत्र सारख्या अंतराने पेरलेल्या ठिपक्यांसारख्या दिसतात. सावळ्या कातडीवर त्यांची पार्श्वभूमी गुलाबी नसून तपकिरी असते व ठिपकेही मंद. सबब रंगापेक्षा मांडणीवर भिस्त ठेवावी लागते. तेलाचा थेंब टाकून खपल्या पारदर्शक करून घ्याव्यात, आणि भिंग अलगद टेकवावे, कारण दाब पडताच वाहिन्यांतील रक्त ओसरून हा सारा दाखलाच नाहीसा होतो. लायकेन प्लॅनस या दुसऱ्या त्वचाविकारात ठिपक्यांऐवजी पांढऱ्या रेषांचे जाळे दिसते, पिटिरियासिस रोझियात खपली चट्ट्याच्या कडेशी असते. गजकर्णाचा संशय असल्यास मात्र खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच. कातडीचा तुकडा काढण्याची पाळी या भिंगामुळे पुष्कळदा टळते.

रोग शमल्यावर सावळ्या अंगावर काळसर वा फिकट डाग महिनोन् महिने राहतात, आणि रुग्ण त्यांनाच रोग समजून मलम चोळीत राहतो. अशा वेळी भिंगाखाली खपल्या व ठिपके दोन्ही मावळलेले आढळले, तर उरला आहे तो केवळ रंग, हे डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथे दाखवून द्यावे.