जाड गोळी, संथ चाल

एखादे पोर धूम पळाले, की ‘गोळीसारखे सुटले’ असे आपण म्हणतो. गोळी म्हणजे वेग, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसलेले आहे. त्यामुळे मुद्दाम सावकाश जाणारी गोळी निवडणारे शिकारी जगात आहेत, हे ऐकून मला प्रथम नवलच वाटले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, जिथे मी गेली बावीस वर्षे राहतो आहे, तिथे असे शिकारी गावोगावी भेटतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. ओहायोत मात्र पांढऱ्या शेपटीची हरणे अमाप आहेत. मका आणि सोयाबीनच्या शेतांत ती मनसोक्त चरतात, रात्री मोटारींसमोर येतात. सरकार परवाने देऊन दर वर्षी ठरावीक दिवस शिकारीला मोकळीक देते. थंडी पडली, की शेजारपाजारचे लोक केशरी जाकिटे घालून पहाटे रानात जातात. त्यांच्यापैकी कोणी मांसाचे पुडके आणून दिले, तर इथली अनेक मराठी घरेही ते आनंदाने घेतात. आमच्याकडे त्याचा काळ्या मसाल्यातला रस्सा होतो.

ओहायोचा मुलूख सपाट. शेताला लागून घर, घराला लागून रस्ता. चुकलेली वेगवान गोळी कुठवर जाईल याचा भरवसा नाही. म्हणून कित्येक वर्षे इथे हरणासाठी रायफल चालतच नसे, छऱ्याच्या बंदुकीतून एकच जाड गोळी झाडावी लागे. २०१४ पासून सरळ नळकांड्यासारख्या काडतुसांच्या काही रायफलींना परवानगी मिळाली. त्यांत एक जुनी मानकरी आहे, ‘फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी’.

हे काडतूस अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारले. नावातला ४५ म्हणजे गोळीचा व्यास, इंचाचे साधारण पंचेचाळीस शतांश. ७० म्हणजे आतल्या काळ्या दारूचे वजन, सत्तर ग्रेन. गोळी होती ४०५ ग्रेनची. आता हे ग्रेन म्हणजे काय? आपल्या सोनाराच्या भाषेत सांगायचे, तर १८० ग्रेनचा एक तोळा. म्हणजे ही गोळी भरली सव्वादोन तोळे! तिचा वेग सेकंदाला सुमारे चारशे मीटर. पुढे १९०६ मध्ये आलेल्या ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या प्रसिद्ध काडतुसाची एक तोळ्याची गोळी सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने जाते. वजन निम्म्याहून कमी, वेग दुप्पट. शंभर यार्डांवर नेम बसवून दोनशे यार्डांवर बार टाकला, तर वेगवान गोळी चार-पाच इंच खाली येते, आपली जाडी मात्र सुमारे दोन फूट. म्हणून तिचा शिकारी जवळ जाऊनच बार टाकतो.

मी स्वतः कधी बंदूक धरली नाही. माझा जन्म गेला धातूंच्या ओतकामात. त्यामुळेच गेल्या वर्षी शेजारचे शेतकरी आजोबा त्यांच्या फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटीच्या काडतुसांच्या चार पेट्या घेऊन आमच्या ओट्यावर आले. म्हणाले, “तुम्ही धातूतले. सांगा, यांतली कोणती घ्यावी? यंदा नातही जेवायला असणार आहे.” नात तीन वर्षांची. प्रश्न साधा वाटला, पण त्याने मला महिनाभर वाचायला लावले.

पहिली पेटी लगेच बाजूला काढता आली. तिच्यातली गोळी हाताने भरलेली होती आणि मुळात ‘फोर-फिफ्टीएट मॅग्नम’ या १९५६ च्या काडतुसासाठी बनवलेली होती. व्यास तोच, नळीत बसते अगदी बरोबर. पण ती हत्ती-गव्यांसारख्या जनावरांसाठी आणि बऱ्याच अधिक वेगासाठी घडवलेली. तिचे कवच जाड असते. संथ बंदुकीतून ती हरणाला लागली, तर न उमलता आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन मैलभर पळते. गोळी ज्या वेगासाठी घडवली, त्याच वेगाला ती आपले काम करते. हे एक सूत्र ध्यानात आले, की निम्मी निवड झाली.

दुसऱ्या पेटीत कथील आणि अँटिमनी मिसळून कठीण केलेल्या शिशाची ओतीव गोळी होती. तोंड रुंद आणि सपाट. ही उमलत नाही, तुटतही नाही. सपाट तोंडानेच वाट पाडत खोल जाते. अस्वल किंवा गवा यांसाठी ती नावाजलेली आहे. हरणासारख्या अंगाने हलक्या जनावराला मात्र ती गरजेपेक्षा जड.

तिसरी ३०० ग्रेनची, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना थोडी कमी. मऊ शिसे, वर तांब्याचे पातळ कवच. संथ वेगालाही ती अळंबीसारखी उमलते, जखम रुंद होते आणि हरीण लवकर पडते. जनावराचे हाल कमी, हा तिचा मोठा गुण. आजोबा इतकी वर्षे हीच वापरत होते.

मग अडचण कुठे होती? शिशात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात शिशाचे बारीक कण सापडले आणि तो खिमा फेकून देण्याचा सल्ला आरोग्य खात्याने दिला. त्याच वर्षी तिथल्या सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे अधिक निघाले. वाढ लहान होती, पण लहान मुलांच्या बाबतीत शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही, असे डॉक्टर सांगतात. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

मिनेसोटा राज्याने मेंढ्यांच्या कलेवरांवर गोळ्या झाडून क्ष-किरण छायाचित्रे काढली. लवकर उमलणाऱ्या वेगवान शिशाच्या गोळ्यांचे कण जखमेपासून फूटभराहून लांबही उडाले होते. संथ, जाड गोळ्यांचे कण त्या मानाने कमी. मऊ धातूला जितक्या जोराने आपटावे, तितका त्याचा चुरा अधिक, हे ओतकामातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. म्हणजे आजोबांच्या बंदुकीचा संथपणा इथेही उपयोगी होता. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.

शिशाचा फटका पाखरांनाही बसतो. रानात टाकलेली आतडी आणि न सापडलेली जनावरे खाऊन कॅलिफोर्नियातले कॉन्डर हे प्रचंड पक्षी विषबाधेने मरत आले. १९८२ मध्ये ते अवघे बावीस उरले होते. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. डायक्लोफेनॅक टोचलेली गुरे खाऊन आपली गिधाडे कशी संपत आली, हे आठवणाऱ्याला यात काही अवघड वाटू नये.

चौथी पेटी निव्वळ तांब्याच्या गोळ्यांची, २५० ग्रेनच्या. तांबे शिशापेक्षा हलके आणि चिवट. त्याचा चुरा जवळजवळ होत नाही. पण उमलायला त्याला वेग लागतो. म्हणून संथ बंदुकीसाठीच्या तांब्याच्या गोळीला तोंडाशी रुंद पोकळी ठेवतात. ती याच काडतुसासाठी केलेली आहे ना, हे पेटीवर वाचून घ्यावे लागते. शिवाय आजोबांच्या बंदुकीत काडतुसे नळीत एकामागे एक बसतात. पुढच्या काडतुसाच्या टोपणावर मागच्या गोळीचे नाक टेकते. नाक कठीण आणि टोकदार असेल, तर धक्क्याने नळीतच स्फोट व्हायचा. तेव्हा नाक सपाट हवे किंवा मऊ प्लास्टिकचे. आणि दारूचा दाब बंदुकीला झेपणारा हवा. आजच्या जोमदार भरणीचे काडतूस दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीत घालणे म्हणजे जिवाशी खेळ. आजोबांची बंदूक नव्या घडणीची होती, ती काळजी नव्हती.

आजोबांनी चौथी पेटी उचलली. ती महाग होती, म्हणून कुरकुरले. मग शेताच्या कडेला मातीच्या उंच बांधावर कागद लावून दहा बार टाकून पाहिले, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. शंभर यार्डांवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. त्यापुढच्या हरणावर बार टाकायचा नाही, असे त्यांनी स्वतःलाच बजावले.

दुकानात गेल्यावर विक्रेता आधी वेग सांगतो, मग पल्ला. घेणाऱ्याने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. माझ्या बंदुकीच्या वेगाला ही उमलेल का? जनावर तडफडणार नाही ना? आणि हे मांस ज्यांच्या ताटात पडेल, त्यांतले सर्वांत लहान कोण?