रोबोकॉनच्या फ्रेमसाठी ॲल्युमिनियम कापताना

2022 मध्ये एबीयू रोबोकॉन दिल्लीत झाली आणि खेळ होता आपली लगोरी! अशा स्पर्धांत रोबोच्या वजनाला मर्यादा असते, त्यामुळे फ्रेमचा एकेक ग्रॅम मोजावा लागतो.

खिडक्यांच्या सेक्शनला बहुधा 6063 हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरतात. ज्या भागांवर जोर येतो, त्यांना माझी पसंती 6061-टी6 ला. साध्या लोखंडाइतकी ताकद, वजन मात्र साधारण एक तृतीयांश. 200 × 100 मिमीची 5 मिमी जाड प्लेट 270 ग्रॅम भरते. मधलं मटेरियल काढून त्रिकोणी जाळी ठेवली, तर वजन सहज निम्म्यावर येतं. बेअरिंग आणि बोल्टच्या भोकांभोवती मात्र भरपूर मटेरियल राहू द्या.

6 मिमीची एंडमिल आतल्या कोपऱ्यात 3 मिमी रेडियस सोडतेच. ड्रॉइंगमध्ये 4 मिमी दिलात की कटर कोपऱ्यात अडकत नाही, फिनिश सुंदर येतं आणि तिथून तडा जायची भीतीही कमी होते.

ॲल्युमिनियम कटरला चिकटतं, हीच खरी डोकेदुखी. सिंगल फ्ल्यूट कार्बाइड कटर घ्या, फीड फार कमी ठेवू नका आणि हवेच्या झोताने चिप सतत बाहेर काढा. आतले खिसे आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. पातळ बॉक्स पाइप व्हाइसमध्ये धरताना आत लाकडी ठोकळा घाला, नाहीतर तो दबतो.

आणि पोरांनो, गॉगल घातल्याशिवाय मशिन सुरू करायचं नाही!