कानास न ऐकूं येणारा ध्वनि आणि गळ्यांतील गांठ

ऊर्जानगरच्या दिव्यांभोंवतीं जमणारे किडे वटवाघळें अंधारांतहि कशीं अचूक टिपतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. तीं अति उच्च स्वर काढतात व किड्यावर आपटून परतलेल्या प्रतिध्वनीवरून त्याची जागा ओळखतात. सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडील ध्वनि मनुष्यास ऐकूं येत नाहीं. अशा ध्वनीच्याच साहाय्यानें शरीराच्या आंत पाहण्याच्या युक्तीस सोनोग्राफी म्हणतात.

गळ्याच्या पुढील भागीं फुलपांखराच्या आकाराची थायरॉईड नांवाची ग्रंथि असते. तींत गांठ झाली असतां डॉक्टर गळ्यास जेली लावून एक लहान उपकरण टेकवितात. त्यांतील स्फटिक विजेनें सेकंदास सुमारें एक कोटि वेळां कंप पावतो. ध्वनि सेकंदास सुमारें १,५४० मीटर वेगानें मांसांतून जाऊन परततो, आणि त्यास लागलेल्या वेळावरून यंत्र पडद्यावर चित्र उठवितें. दाबानें स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हें पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. त्याच गुणामुळें परतलेला प्रतिध्वनि यंत्रास कळतो.

या ग्रंथीच्या बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. कर्करोग असला तरी शस्त्रक्रिया व किरणोत्सर्गी आयोडीन हेच बहुधा मुख्य उपाय होत. केमोथेरपी कांहीं थोड्या, पण भयंकर प्रकारांतच देतात. तीं औषधें फार त्रासदायक असतात. मग तीं लागू पडतात कीं नाहीं, हें कसें ओळखावें?

येथें गणित उपयोगी पडतें. समजा, औषधापूर्वीं गांठ ४ सेंटिमीटर लांब, ३ रुंद व ३ खोल होती. या तीन मापांच्या गुणाकारास ०.५२ नें गुणिलें कीं अंडाकृति गांठीचें घनफळ निघतें. तें सुमारें १८.७ घन सेंटिमीटर आलें. कांहीं आठवड्यांनीं मापें ३.२, २.४ व २.४ भरलीं, तर घनफळ सुमारें ९.६ येईल. प्रत्येक माप अवघें एकपंचमांश घटलें, पण गांठ जवळजवळ निम्मी झाली! बोटांनीं चांचपून जें निश्चित सांगतां येत नाहीं, तें आंकड्यांनीं कळतें. उलट मापें वाढत गेलीं, तर निष्फळ औषध बदलण्याचा विचार वेळींच करतां येतो.

या युक्तीसहि मर्यादा आहेत. हवा व हाड यांतून हा ध्वनि नीट जात नाहीं. म्हणून फुप्फुसांतील रोग पाहण्यास सी.टी. स्कॅन लागतो. मोजणाऱ्याच्या हातानेंहि थोडा फरक पडतो. यास्तव अल्पशा घटीनें हुरळूं नये व अल्पशा वाढीनें खचूं नये.

पालकांस आमची एक विनंति आहे. हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. मुलीच्या गळ्यास गांठ दिसली असतां, लोक काय म्हणतील या भयानें ती पदराखालीं झांकूं नये, वा लेप लावून दिवस दवडूं नयेत. चंद्रपुरास डॉक्टरांस दाखवावी. कर्करोग ठरलाच, तर नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. जी गांठ वेळींच मोजली गेली, तिच्यावर उपायहि वेळींच होऊं शकतो.