लुळ्या पायाला रोबोची साथ

पक्षाघातातून उठलेल्या माणसाला पुन्हा चालायचं, तर पावलं टाकावी लागतात, रोज, शेकड्यांनी. घोडं अडतं ते इथेच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या सात केंद्रांत फिजिओथेरपीच्या ३१२ सत्रांचं निरीक्षण होतं. चालण्याच्या सरावात एका सत्रात पावलं भरली सरासरी ३५७. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा हजाराच्या पुढे असतो!

यात थेरपिस्टचा दोष नाही. ट्रेडमिलशेजारी वाकून, लुळा पाय हातानं उचलून पुढे ठेवायचा, पुन्हा उचलायचा... रुग्णाआधी त्यांचीच कंबर मोडते. झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेरी कोलंबो यांनी नेमकी ही अडचण धरली आणि २००१मध्ये ‘लोकोमॅट’ हा चालवणारा रोबो बाजारात आला.

रुग्णाला पट्ट्यांच्या जाकिटात वरून टांगतात, म्हणजे थोडं वजन यंत्र पेलतं. मांडी-पोटरीला यांत्रिक पाय बांधतात. मोटारी फक्त खुब्याला आणि गुडघ्याला. घोट्याला? साधे लवचिक पट्टे! पंजा लोंबून बोटं घासू नयेत, एवढंच त्यांचं काम. वेग ताशी ०.५ ते ३.२ किलोमीटर.

बर्लिनच्या ‘गँगट्रेनर’ची तऱ्हा वेगळी: पायांखाली दोन हलत्या पाट्या, आणि वीस मिनिटांत हजारापर्यंत पावलं. जपानचा ‘हाल’ तर त्वचेवरून स्नायूंचे क्षीण विद्युतसंदेश टिपतो आणि रुग्णानं हालचालीचा प्रयत्न केला की जोर लावतो.

मग रोबोच सरस? थांबा! २००८मध्ये शिकागोच्या एका अभ्यासात, थोडंफार चालू शकणाऱ्या रुग्णांचा वेग थेरपिस्टच्या हातांनी जास्त सुधारला. यंत्रच सगळं करू लागलं की रुग्ण अंग सैल सोडतो. म्हणून आता ‘लागेल तेवढीच मदत’ हा मंत्र आहे. मला या क्षेत्रातली ही सर्वांत मोलाची अक्कल वाटते.

फायदा कुणाला? वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात ६२ चाचण्या, २४४० रुग्ण होते. फिजिओथेरपीला यंत्राची जोड मिळालेले लोक आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढली. सर्वाधिक लाभ पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या आणि अजिबात चालता न येणाऱ्यांना. घरात असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना हे लवकर विचारा.

आणि हो, आपल्याकडेही असा रोबो बनतो! केरळच्या जेनरोबोटिक्सचा ‘जी-गेटर’. गटारात माणूस उतरू नये म्हणून ‘बँडिकूट’ हा सफाई-रोबो घडवणारी कंपनी हीच.